जुन्या घराची मेन ड्रेनेज लाइन सारखी तुंबते : खोदण्याआधी काय पाहावं?

धाब्याचं घर

मंडळी, राम राम.

आमच्या घरची मेन ड्रेनेज लाइन गेली काही वर्षं सारखी तुंबते आहे. दर खेपेला तात्पुरता इलाज होतो आणि विषय मागे पडतो. यंदा पावसाळ्याआधी कायमचं काय ते करून टाकायचं ठरवलं आहे, म्हणून हा धागा. जुन्या घरात राहणारे, मिस्त्री, इंजिनिअर, ज्यांनी कुणी हे निस्तरलं असेल त्यांनी मोकळेपणानं लिहावं.

घराची हकिगत जरा सविस्तर सांगतो, त्याशिवाय कुणाला काही सुचवता येणार नाही. घर जळगाव जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेत. पुढे ओटा, मधे चौक, मागे न्हाणी आणि परसात कडुलिंब. वर धाबं होतं, ते उतरवून वडिलांनी स्लॅब टाकला. संडास पूर्वी परसाच्या टोकाला होता, तो नंतर आत घेतला आणि त्या वेळी न्हाणी, मोरी, संडास सगळं एकाच लाइनीला जोडलं. ही लाइन परसातून निघते, चौकाखालून जाते, मग आता आप्पांच्या (माझे चुलते) वाटणीला गेलेल्या खोलीखालून पुढच्या ओट्याजवळच्या सेप्टिक टँकमध्ये. टँकचं वरचं पाणी नगरपालिकेच्या उघड्या गटारात. पाइप चिनी मातीचे, सहा इंची.

लक्षणं अशी : वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात. मग पाणी उतरायला वेळ लागू लागतो. मग एके सकाळी चौकातलं चेंबर काठोकाठ. माणसं बोलावून बांबूच्या पट्ट्या घालून घेतो, पाणी सुर्रकन उतरतं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला त्रास जास्त.

घरात आई आहे, तिचे गुडघे गेलेले. लाइन तुंबली की तिला शेजाऱ्यांकडे जावं लागतं. ती बोलून दाखवत नाही, पण त्या दिवशी ती पाणीच पीत नाही. मला हे थांबवायचं आहे.

आप्पा म्हणतात, माझ्या खोलीतली शहाबादी फरशी उचलू देणार नाही. त्यांचंही बरोबर आहे, खात्री नसताना कुणाचं घर का खोदावं? तर खोदण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कळायचा काही मार्ग आहे का?

सातपुड्याखाली

आम्ना घरमा बी आसंच व्हतं भो!

हार्डवेअरच्या दुकानात ड्रेन साफ करायची पावडर मिळते, नाहीतर सरळ अ‍ॅसिडची बाटली आणा. रात्री ओता, सकाळी लाइन मोकळी. मोरीला तरी आम्हाला गुण आला.

जुना ओव्हरसियर

सातपुड्याखाली, रागावू नका, पण हे मी ठामपणे अडवणार. मोरीच्या नानी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकात) अडकलेल्या केसाच्या गुंतवळ्यावर पावडर थोडं काम करते. मेन लाइन भरलेली असताना ओतलेलं अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक त्या साठलेल्या पाण्यात तसंच पडून राहतं, अडथळ्यापर्यंत पोचतच नाही. मग दुसऱ्या दिवशी जो माणूस चेंबरमध्ये हात घालतो त्याच्या अंगावर, डोळ्यांत ते उडतं. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत. चिनी मातीच्या पाइपाला अ‍ॅसिड काही करत नाही, पण त्याचे सांधे सिमेंटचे असतात, ते खातं. पुढे सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. आणि घरात आधी कुणी ब्लीचिंग टाकलं असेल, वर अ‍ॅसिड पडलं, तर क्लोरिन वायू तयार होतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो.

आता धाब्याचं घर यांच्यासाठी.

लाइन मोकळी करणं आणि लाइन दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बांबूनं पाणी उतरतं म्हणजे बोळ्याला भोक पडतं, एवढंच. भोकाच्या कडेला गाळ तसाच असतो, त्यावर पुन्हा थर बसतो. एखादी लाइन चांगली वागणूक देऊनही ठरावीक जागी पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर घाण हे कारण नसतं. तिथे पाइप खचलेला असतो, सांधा सरकलेला असतो, नाहीतर मूळ शिरलेलं असतं. ती जागा शोधायची.

पुढच्या वेळी तुंबेल तेव्हा लगेच बांबू घालू नका. आधी सगळी झाकणं उघडा आणि नुसतं पाहा. भरलेलं चेंबर आणि त्याच्या पुढचं रिकामं चेंबर, या दोहोंच्या मधे अडथळा असतो. सगळीच चेंबरं भरलेली असतील तर टँकचं झाकण उघडा, पण लांबून, वाकून तोंड खाली घालायचं नाही, आणि जवळ विडी-काडी नाही. टँकमधलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाच्या पातळीला असायला हवं. त्याच्या वर चढलेलं असेल तर दोष टँकच्या पुढे, गटाराकडे आहे. टँकची पातळी बरोबर आहे आणि चौकातलं चेंबर भरलेलं आहे, तर तुमचा टँक निर्दोष.

लाइन मोकळी असताना दुसरी परीक्षा करा. परसातल्या चेंबरमध्ये बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवून ओता, आणि पुढच्या चेंबरशी एकाला उभं करा. चांगल्या लाइनीत निळा रंग एकदम आणि गडद येतो, मग पटकन संपतो. मधे पोट पडलेलं असेल, म्हणजे पाइप खचून खोलगट झाला असेल, तर उशिरा, फिकट येतो आणि बराच वेळ येत राहतो, कारण तिथे साठलेल्या पाण्यात तो मिसळतो. ओतलं तेवढं पाणी आलंच नाही तर सांध्यातून जमिनीत जातंय.

तिसरं, उतार मोजा. मिस्त्रीकडची लेव्हल पाइप, ती पारदर्शक पाण्याची नळी, तीच घ्या. दोन चेंबरांच्या तळांमधला फरक काढा आणि मधलं अंतर दोरीनं मोजा. आमच्या काळचा ठोकताळा असा : चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. आपल्याकडे फडाच्या (बंधाऱ्यावरच्या सामाईक सिंचनाच्या) पाटाला जसा उतार धरलेला असतो, पाणी न थांबता, न कापता शेवटच्या शेतापर्यंत जावं असा, तसंच हे आहे. पाटात एका जागी गाळ बसला की खालचं सगळं रान कोरडं राहतं, आणि पाटकरी ती जागा शोधूनच फावडं मारतो.

माहेर चोपडा

मी इंजिनिअर नाही, पण घर सांभाळते, म्हणून एक बाजू लिहिते. उन्हाळ्याच्या शेवटी त्रास वाढतो म्हणालात, त्याचं थोडं उत्तर स्वयंपाकघरातही असेल.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात बिबडे, कुरडया, पापड होतात. गहू तीन दिवस भिजवून वाटून त्याचा चीक काढतो, त्याचं वरचं पाणी आणि पातेल्यांचं धुवण सगळं मोरीत जातं. तो चीक पातेल्याला वाळला तर नखानं निघत नाही. तो पाइपात वाळल्यावर काय होत असेल? बिबड्यांच्या घाट्याचंही तेच. वर शेवभाजीची, भरताची तेलकट भांडी. आमच्या सासूबाई भांडी राखेनं घासायच्या, ती राखही खाली बसते.

आणि पाणी चार दिवसांआड. बादलीभर पाण्यात सगळं भागवायचं म्हटल्यावर लाइनीत जोरानं पाणी जाणार कुठून? आमच्याकडे नळ येतो त्या दिवशी मी शेवटी एक पिंप भरून ठेवते आणि शिळं पाणी फेकायचं असतं तेव्हा संडासाच्या बाजूनं एकदम सोडते. फरक पडतो.

चिकाचं पाणी आता आम्ही परसात झाडांना घालतो, आणि पातेली आधी कोरड्या कापडानं पुसून मग धुतो.

जुना ओव्हरसियर

ताई, फार मोलाचं लिहिलंत. कमी पाणी हे आपल्या गावांचं खरं दुखणं आहे. घन पदार्थ वाहून न्यायला पाइपात काही एक खोली आणि वेग लागतो, तांब्या-तांब्यानं तो मिळत नाही. त्यात बोअरचं पाणी जड. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा चिकट साका होतो, तो तेलाबरोबर पाइपाच्या वरच्या अंगाला चिकटतो.

पण एक सांगतो : हे सगळं ज्या जागी अडकतं ती जागा आधीच बिघडलेली असते. गुळगुळीत, उतारावरच्या पाइपातून चीकही निघून जातो.

लेवा मुलूख

आमच्याकडे वेगळंच निघालं. रस्ता काँक्रीटचा झाला, त्याबरोबर गटारही वर आलं. आमचं घर जुनं, जोतं खाली राहिलं. टँकचा आउटलेट आता गटाराच्या तळाच्या खाली आहे. पाऊस झाला की गटाराचं पाणी उलटं आत. तुम्ही घरातल्या घरात शोधत बसाल आणि दोष बाहेर असेल, तेही तपासा भाऊ.

रुळाकाठ

लोक झाकणं उघडायच्या गोष्टी करत आहेत म्हणून हे लिहिणं भाग आहे. आमच्या ओळखीतला एक जण असाच गेला, म्हणून हात जोडून लिहितो.

सेप्टिक टँकमध्ये, खोल चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका. "नेहमीचा माणूस आहे, त्याला सवय आहे" हे म्हणू नका. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं हवा साफ झाली, आणि तो दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. बातम्यांत एका टाकीत दोघं-तिघं गेल्याचं वाचतो ते यामुळे. जळती मेणबत्ती किंवा कंदील सोडून पाहायची जुनी रीत धोक्याची आहे. मिथेन पेट घेऊ शकतो, आणि विषारी वायू असूनही ज्योत जळत राहू शकते.

कायदाही स्पष्ट आहे. 2013च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं 2014मध्ये अशा मृत्यूंना 10 लाख भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर 2023मध्ये ती 30 लाख केली. पण भरपाई मिळून घरातला माणूस परत येत नाही.

उपसा व्हॅक्यूम टँकरनंच करा. दोन-तीन वर्षांनी एकदा करायलाच हवा, टँक तुंबायची वाट पाहू नये. आणि बांबू घालणाऱ्या माणसाला निदान हातमोजे, गमबूट, काम झाल्यावर गरम पाणी आणि साबण द्या. चहा ओट्यावर बसवून द्या, आपल्या कपातून.

धाब्याचं घर

सगळ्यांचे मनापासून आभार. रुळाकाठ, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. यापुढे आमच्या घरी कुणी आत उतरणार नाही.

ओव्हरसियर साहेब, तुम्ही सांगितलेल्या क्रमानं केलं. लाइन तुंबली तेव्हा बांबूवाल्यांना थांबवून झाकणं उघडली. परसातलं चेंबर भरलेलं, चौकातलं भरलेलं, आप्पांच्या खोलीपलीकडचं ओट्याजवळचं चेंबर कोरडं. टँकची पातळी बरोबर. मग मोकळी करून घेतली आणि नीळ ओतली. परसातून चौकात रंग झटकन आला. चौकातून ओट्यापर्यंत मात्र बराच वेळ काहीच आलं नाही, मग अगदी फिकट निळसर पाणी झिरपत आलं आणि येतच राहिलं. आप्पा स्वतः तिथे स्टुलावर बसून पाहत होते. त्यांनीच म्हटलं, "हे तर माझ्याच खोलीखाली आहे."

लेव्हल पाइपनं मोजलं तर दोन टोकांमधला एकूण उतार पुरेसा आहे. म्हणजे मधेच कुठेतरी पोट आहे ना?

एक गोष्ट आणखी दिसली. चौकात, भिंतीच्या अगदी कडेला, उन्हाळ्यात जमिनीला अशी भेग पडते की त्यात काठी उभी राहते. फरशीच्या दोन लाद्या तिथे नेहमी हलतात.

जुना ओव्हरसियर

तुम्ही लाख मोलाची गोष्ट टिपलीत. आता माझा अंदाज सांगतो, पाइपात कॅमेरा घालून तो खरा-खोटा करा.

आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. तिच्यातला मॉन्टमोरिलोनाइट नावाचा घटक पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हे होतं. कपाशीला, केळीला हीच माती सोनं आहे, पाइपाला आणि पायाला ती वैरीण. आता तुमच्या घरात काय होतंय पाहा. चौक उघडा, तिथे मे महिन्यात 44-45 अंशांचं ऊन जमिनीवर पडतं, माती आकसते, खाली बसते. पावसात तीच फुगून वर येते. खोलीखालची माती मात्र फरशी आणि छपराखाली वर्षभर जवळपास तशीच राहते. म्हणजे पाइपाचं एक टोक दरवर्षी खाली-वर होतं आणि दुसरं जागेवर. तो मोडणार कुठे? बरोबर भिंतीखाली.

त्यात चिनी मातीच्या लाइनीला दर दोन-अडीच फुटांवर सांधा. डांबरातला ताग ठासून वर सिमेंट लावलेलं, ते ताठ असतं, लवत नाही, तडकतं. तडकलेल्या सांध्यातून पाणी झिरपलं की तिथली माती आणखी फुगते, आणि उन्हाळ्यात परसातल्या कडुलिंबाला गावभर ओलावा मिळत नाही तेव्हा तो त्या एका ओल्या जागी मुळी पाठवतो. केसाएवढी आत शिरते आणि आत गेल्यावर झुबका होतो. तुम्हाला उन्हाळ्याच्या शेवटी त्रास जास्त, तो यामुळेही असेल.

म्हणून सांगतो, अख्खी खोली खोदायची गरज पडेलच असं नाही. पाइपात घालायचा कॅमेरा असलेला प्लंबर जळगाव-धुळ्याकडे मिळेल. केबलवर फुटाच्या खुणा असतात, दोष किती फुटांवर आहे ते कळतं. आधी जेटिंगनं (दाबाच्या पाण्यानं) किंवा स्प्रिंग मशीननं लाइन साफ करून घ्या, नाहीतर कॅमेऱ्याला नुसता गाळ दिसेल. मात्र जेटिंगचा दाब बेतानं ठेवायला सांगा, जुने तडकलेले पाइप फुटू शकतात.

पांझराकाठ

धुळ्याहून लिहितोय. वाचता वाचता एक आठवलं म्हणून सांगतो. काही मिस्त्री मधे पाण्याची लाइन किंवा पाया आडवा आला की ड्रेनेजचा पाइप त्याच्या खालून वाकवून पुन्हा वर आणतात आणि "सायफननं जाईल" म्हणतात. विश्वेश्वरय्यांनी 1884मध्ये नोकरीला लागल्यावर आमच्या पांझरेवर सायफन बांधला, ते खान्देशातलं अभिमानाचं काम आहे. पण ते पाटाचं पाणी होतं, मागे रेटा होता. घरच्या सांडपाण्याला असा रेटा नसतो. खालच्या वाकात मैला बसणार म्हणजे बसणार. तुमच्या लाइनीत तसं काही केलेलं नाही ना, तेही कॅमेऱ्यात पाहून घ्या.

वकिली वाट

चुलत्यांच्या खोलीचा प्रश्न आहे म्हणून दोन शब्द. घर एकत्र असताना घातलेली लाइन, नंतर वाटणी झाली आणि ती दुसऱ्याच्या हिश्श्याखालून जाऊ लागली, ही खान्देशातल्या प्रत्येक जुन्या पेठेतली गोष्ट आहे. 1882च्या ईझमेंट अ‍ॅक्टच्या (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी वगैरे नेण्याच्या हक्कांचा कायदा) कलम 13मध्ये वाटणीनंतरच्या अशा हक्कांचा विचार केलेला आहे. कलम 24 सांगतं की ज्याला हक्क आहे तो तो टिकवण्यासाठी आवश्यक ते काम करू शकतो, पण समोरच्याला कमीत कमी त्रास होईल असं. त्या कलमातलं पहिलंच उदाहरण पाइपाचं आहे : दुसऱ्याच्या जमिनीतल्या आपल्या पाइपाच्या दुरुस्तीसाठी खणता येतं, पण जमीन होती तशी करून द्यावी लागते.

हे तुम्हाला भांडायला म्हणून सांगत नाही. चुलते स्टुलावर बसून नीळ पाहतात, तिथे नोटीस पाठवण्याचं कारणच नाही. पण काम होताना एक साधा कागद करा : लाइन कुठून जाते त्याचा मापांसह नकाशा, पुढच्या दुरुस्तीला दोन्ही बाजूंची संमती, खर्चाची विभागणी, फरशी पूर्ववत करून देण्याची जबाबदारी. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. तुमच्या आणि आप्पांच्या मुलांना याचा उपयोग होईल.

धाब्याचं घर

कॅमेरा घालून झाला. सगळ्यांना सांगायची घाई झाली आहे.

चौकाच्या चेंबरपासून सुरुवातीचा पाइप स्वच्छ. मग भिंतीखाली आल्यावर चित्रात एकदम पाण्याची रेघ चढली, कॅमेऱ्याचं भिंग अर्धं बुडालं, आणि पाण्यातून बाहेर येताच समोर मुळ्यांचा झुबका. तांबूस, बारीक, प्रवाहाच्या दिशेनं विंचरल्यासारख्या पसरलेल्या मुळ्या, त्यांत कापडाच्या चिंध्या अडकलेल्या. त्याच्या पलीकडे सांधा बोटभर सरकलेला, पुढच्या पाइपाची कड उभी राहिलेली. त्या कडेवरच सगळं अडत होतं. त्यानंतर ओट्यापर्यंत लाइन बरी आहे, एक-दोन सांध्यांना केसासारख्या चिरा. मधे कुठे वाकवून खाली नेलेला पाइप नाही, पांझराकाठ.

आप्पांनी हे मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "आता निम्मं काम नको. माझ्या खोलीखालची सगळी लाइन बदला, पण फरशी मी सांगेन त्या माणसाकडूनच बसवायची." मी लगेच हो म्हटलं. वकिली वाट, कागदही करतोय.

आता विचारायचं ते हे : कडुलिंब तोडावा लागेल का? काही जण मोरचूद टाका म्हणतात. आई तर झाड तोडू देणार नाही. आणि नवीन पाइप कोणता, कसा घालायचा?

जुना ओव्हरसियर

कडुलिंबाला हात लावू नका. मूळ पाइप फोडत नाही, आधी फुटलेल्या जागी शिरतं. सांधा घट्ट आणि कोरडा राहिला की ते दुसरीकडे जाईल. मोरचुदानं आतल्या मुळ्या जळतात, पण ते तुमच्या टँकमध्ये जाऊन तिथलं काम बिघडवतं, आणि सांधा उघडाच असल्यामुळे मूळ पुन्हा येतं.

पाइपाबद्दल. घरात भिंतीवरून उतरवायला जो एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप) मिळतो तो आयएस 13592 या भारतीय मानकाचा, त्यात बी टाइप सांडपाण्यासाठी, ए टाइप पावसाचं पाणी आणि हवेसाठी. दुकानदार स्वस्त म्हणून ए देतो, पाइपावरची अक्षरं वाचून घ्या. जमिनीखाली घालायला आयएस 15328चा वेगळा जाड पाइप येतो, तो घ्या. 160 मिलिमीटर व्यास पुरे. सोल्युशननं चिकटवण्यापेक्षा रबर रिंगचे सांधे घ्या, ते मातीबरोबर थोडे लवतात. आपल्या मातीत हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

खोदताना निघालेली काळी माती परत चरात भरू नका. मिस्त्री नेमकं हेच करतो, कारण ती बाजूलाच पडलेली असते. चर पाइपापेक्षा रुंद घ्या, तळाला वाळूचा थर, त्यावर लेव्हल पाइप लावून उतार धरा, पाइप ठेवा, बाजूंनी वाळू भरून हातानं ठोका, वरही वाळू, आणि मग मुरूम थराथरानं पाणी मारून कुटा. धुम्मस थेट पाइपावर चालवायचा नाही.

आता भिंतीखालचा भाग. तिथे पाइप बांधकामात पक्का चिणू नका. त्याच्याभोवती चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवा, वर दगडी पट्टी किंवा छोटा लिंटल, आणि ती फट लवचिक भरावानं बंद करा, म्हणजे उंदीर शिरणार नाहीत. भिंत बसली, माती फुगली, तरी भार पाइपावर येणार नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांना पहिला सांधा जवळच येऊ द्या, म्हणजे पाइपाला तिथे लवायला वाव राहील.

वळणावर नव्वदचा बेंड नको, दोन पंचेचाळीसचे घाला. जोड टी-नं नको, वाय-नं. जिथे दिशा बदलते तिथे चेंबर. चेंबरच्या तळाला सपाट प्लास्टर करून ठेवू नका, पाइपाच्या अर्ध्या उंचीची गोल नाली काढून दोन्ही बाजू तिच्याकडे उतरत्या करा. सपाट तळावर मैला बसून राहतो. आणि मोरीच्या पाण्यासाठी मुख्य लाइनीआधी एक छोटं ग्रीस ट्रॅप (तेलकट थर अडवणारं चेंबर) घाला, महिन्यातून वरचा थर काढून टाकायचा.

चर बुजवण्याआधी पाणी भरून परीक्षा घ्या. खालचं तोंड बुच्चा मारून बंद करा, वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरा, आणि पातळी उतरते का पाहा. सगळे सांधे उघडे असताना हे झालं पाहिजे. मिस्त्री "काही होत नाही साहेब" म्हणेल, तरी थांबवून ठेवा.

माहेर चोपडा

आणि चर उघडा असेल तोवर फोटो काढून ठेवा भाऊ, टेप धरून. भिंतीपासून किती, खोल किती. आमच्याकडे पुढे बोअर घेताना कुणालाच आठवेना लाइन कुठे आहे.

धाब्याचं घर

काम झालं. परीक्षेला पाणी रात्रभर ठेवलं, सकाळी पातळी जागच्या जागी. ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे टेप धरून फोटो काढले, एक प्रत आप्पांकडे.

खोदताना जुना पाइप निघाला तेव्हा सगळे थांबून पाहत होतो. बाहेरून चॉकलेटी झिलई अजून चकाकते आहे, पाइपाला काहीही झालेलं नाही. दोष फक्त सांध्यात होता, आणि ओव्हरसियर साहेब म्हणाले होते तिथेच, भिंतीच्या पायाखाली. मुळीचा झुबका बाहेर काढला तर हाताएवढा लांब. मिस्त्रीनं काळी माती परत लोटायला घेतलीच होती, आप्पांनी फावडं धरलं आणि मुरमाची ट्रॉली येईपर्यंत काम थांबवून ठेवलं.

नीळ पुन्हा ओतली. ओट्याच्या चेंबरमध्ये गडद निळा लोट एकदम आला आणि मागून स्वच्छ पाणी.

एकच शंका उरली आहे, लेवा मुलूख यांच्या प्रतिसादावरून. आमच्या रस्त्याचंही काँक्रीटीकरण मंजूर आहे म्हणतात. गटार वर आलं तर पाणी उलटं येऊ नये म्हणून आत्ताच काही करून ठेवता येईल का? नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) टँकच्या आधी बसवायचा की नंतर?

जुना ओव्हरसियर

नंतर. टँकमधून गटाराकडे जाणाऱ्या पाइपावर, तुमच्या हद्दीत, स्वतंत्र चेंबर करून. आधी बसवलात तर गटाराचं पाणी टँकमध्ये भरेलच, आणि व्हॉल्व्हच्या फ्लॅपमध्ये, म्हणजे हलत्या पात्यात, मैला अडकून तो उघडाच राहील. फ्लॅप बंद असतो तेव्हा तुमचंही पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे जोराचा पाऊस चालू असताना वॉशिंग मशीनचं पाणी सोडायचं नाही.

काम सुरू होण्याआधी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात अर्ज देऊन नव्या गटाराच्या तळाची पातळी लेखी मागा, आणि तुमच्या आउटलेटची पातळी त्यात लिहा. गटाराचा तळ कायमचाच तुमच्या आउटलेटच्या वर येणार असेल तर व्हॉल्व्हचा उपयोग नाही, मग छोटी टाकी आणि पंप लागेल. ते गटार ओतल्यावर कळून काही होत नाही, आधीच कळलं तर तुमच्या दारापुढे तळ खाली धरायला सांगता येतं.

लेवा मुलूख

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या भाऊ. आणि व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण फरशीखाली गाडू नका, दर पावसाळ्याआधी फ्लॅप धुवावा लागतो. आमच्या गल्लीत तिघांनी बसवला आहे, पावसाळ्याआधी सगळे एकाच दिवशी उघडून धुतो.